पृथ्वीजवळून गेलेल्या धूमकेतूंच्या कक्षा स्वतः गणताना: प्रकल्प नोंदी

४ जून

काम असं ठरवलं: पृथ्वीजवळून गेलेल्या धूमकेतूचं आकाशातलं स्थान आणि त्याचं अंतर स्वतः लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅमने काढायचं. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची, ग्रह-धूमकेतूंची स्थानं देणारी होरायझन्स सेवा फक्त पडताळणीसाठी. पहिला धूमकेतू ४६पी/विर्टानेन. तो १६ डिसेंबर २०१८ रोजी पृथ्वीपासून ०.०७७५ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), म्हणजे साधारण १ कोटी १६ लाख किलोमीटरवरून गेला. त्याचे वेध भरपूर आहेत आणि उत्तर आधीच ठाऊक आहे, म्हणून हा निवडला. ज्याचं उत्तर ठाऊक नाही अशा धूमकेतूपासून कुणी सुरुवात करू नये. चूक आपल्या कोडमध्ये आहे की आकड्यांमध्ये, हे शेवटपर्यंत कळत नाही.

कक्षेचे आकडे उतरवून घेतले. उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचं सर्वांत कमी अंतर, १.०५५ खगोलीय एकक, कक्षा किती लांबट आहे ते सांगणारी विमध्यता ०.६५९, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी कल ११.७५ अंश, आरोही पात (ती पातळी दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्याचा बिंदू) ८२.१६ अंशांवर, पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन ३५६.३४ अंश. उपसूर्यातून तो १२ डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या दीड-दोन तासांत गेला. इथे वाचण्यापुरते आकडे छोटे केले आहेत, प्रोग्रॅममध्ये मिळतील तेवढे सगळे दशांश घ्या. कारण साधं आहे. उपसूर्याजवळ हा धूमकेतू सेकंदाला ३७ किलोमीटर धावतो. उपसूर्याची वेळ एका तासाने चुकली तर तो १ लाख ३४ हजार किलोमीटर सरकतो, आणि पृथ्वीवरून पाहताना ते अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त भरतं.

वेळेवरून कक्षेतली जागा देणारं केप्लरचं समीकरण न्यूटनच्या, अंदाज सुधारत नेण्याच्या पद्धतीने सुटलं. संध्याकाळपर्यंत पहिलं उत्तर आलं, आणि ते वीसेक अंशांनी चुकलेलं होतं.

५ जून

धूमकेतूची कक्षा क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या, पातळीला धरून दिलेली असते. आकाशातलं स्थान सांगणारे विषुवांश आणि क्रांती हे कोन मोजतात खगोलीय विषुववृत्ताला धरून. मधलं २३.४४ अंशांचं वळण मी घेतलंच नव्हतं. दोन ओळी वाढवल्या आणि चूक वीस अंशांवरून तीन-चार कलांवर आली (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). यात चार तास गेले.

आता या उरलेल्या तीन-चार कला. पृथ्वीचं स्थान मी ग्रहांच्या ढोबळ कक्षांच्या तक्त्यावरून काढत होते. सूर्यावरून पाहिलं तर त्या तक्त्याने पृथ्वीचं स्थान दहा-वीस विकलांनी चुकू शकतं. मंगळ किंवा गुरू शोधताना हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण धूमकेतू ०.०७७५ एककांवर आहे, आणि १ ला ०.०७७५ ने भागलं की जवळपास १३ येतात. पृथ्वीच्या जागेतली प्रत्येक विकला आकाशात तेरा विकला होऊन उतरते. हा भागाकार मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर चिकटवला आहे. धूमकेतू जितका जवळ, तितकी आपण स्वतः कुठे उभे आहोत याची माहिती जास्त अचूक लागते.

८ जून

ढोबळ तक्ता सोडून जेपीएलची डीई४२१ ही ग्रहस्थितीची फाइल घेतली. कितीतरी जास्त अचूक माहिती, आणि उत्तर मात्र कितीतरी बिघडलं. चूक तीन अंशांची, अंतर ०.०७७५ ऐवजी ०.०७२ च्या आसपास. मी दीड दिवस फाइल वाचण्याच्या कोडमध्ये दोष शोधत बसले. तिथे दोष नव्हता.

फाइलमधली स्थानं सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यापासून मोजलेली असतात. धूमकेतूची कक्षा सूर्याच्या केंद्रापासून मोजलेली असते. गुरू आणि शनी सूर्याला गुरुत्वमध्यापासून बाजूला ओढतात. डिसेंबर २०१८ मध्ये ते दोघे आकाशाच्या साधारण एकाच बाजूला होते, त्यामुळे सूर्य विरुद्ध बाजूला जवळपास ११ लाख किलोमीटर सरकलेला होता. मी एक स्थान एका मूळबिंदूपासून आणि दुसरं दुसऱ्यापासून मोजून वजाबाकी करत होते. धूमकेतूच्या स्थानात सूर्याचं स्थान मिळवलं आणि तीन अंश एका फटक्यात गेले.

हे इथे सविस्तर लिहिते आहे, कारण जुना ढोबळ तक्ता सूर्यापासूनच मोजतो आणि तो वापरताना ही चूक होतच नाही. जास्त चांगली माहिती घेतल्यावर उत्तर बिघडलं तर आधी मूळबिंदू तपासा.

९ जून

तरीही एक कला उरली. या फाइलमध्ये क्रमांक ३ म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांचा मिळून गुरुत्वमध्य, खुद्द पृथ्वी ३९९ वर. मी ३ वाचून थांबले होते. दोन्ही बिंदूंत साधारण ४,७०० किलोमीटरांचा फरक असतो आणि त्या रात्रीच्या चंद्राच्या दिशेप्रमाणे तो एका कलेहून थोडा जास्त भरला. ३ चं स्थान आणि ३ पासून ३९९ चं स्थान, दोन्ही मिळवायची. अर्धा तास.

११ जून

उरलेल्या फरकात दोन गोष्टी निघाल्या. धूमकेतूवरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला ३८.७ सेकंद लागत होते. तेवढ्यात धूमकेतू पुढे जातो, म्हणून ३८.७ सेकंद आधीचं स्थान घ्यायचं. फरक सुमारे २४ विकला. दुसरी गोष्ट वेळेची. वेध समन्वित जागतिक वेळेत नोंदवतात, ग्रहस्थिती पार्थिव वेळेत असते, आणि २०१७ पासून या दोघांत ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे. १६ डिसेंबरला ४६पी दिवसाला चार अंशांहून जास्त सरकत होता. म्हणजे ६९ सेकंदांत १२ विकला.

दोन्ही दुरुस्त्या केल्या आणि फरक एका विकलेच्या आत आला. अंतर ०.०७७५. त्या रात्री झोप लागली नाही. कृत्तिका आणि रोहिणी यांच्यामधला तो धूसर ठिपका आता माझ्या आकड्यांतूनही त्याच जागी येत होता.

१४ जून

होरायझन्सशी जुळलं ते पृथ्वीच्या केंद्रावरून. खरे वेध पृष्ठभागावरून घेतलेले असतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, त्यामुळे ४६पी इतका जवळ असताना केंद्र आणि पृष्ठभाग यांतला फरक जास्तीत जास्त ११३ विकलांपर्यंत जातो. प्रत्येक वेधाला वेधशाळेचा तीन अक्षरी संकेत असतो. त्यावरून रेखांश आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनचं स्थान काढलं. मायनर प्लॅनेट सेंटरच्या ८० रकान्यांच्या ओळी वाचणारं कोडही आजच लिहिलं.

१५ जून

त्याच कोडने फसवलं. बहुतेक वेध जुळत होते, पण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या मोजक्या ओळींत अर्ध्या-पाऊण अंशाची चूक. ते वेध वाईट आहेत असं समजून मी गाळून टाकणार होते. मग लक्षात आलं की त्या सगळ्या ओळींत क्रांती उणे शून्य अंश आणि काही कला अशी होती. धूमकेतू दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना नेमका विषुववृत्त ओलांडत होता. उणे शून्याचं पूर्णांकात रूपांतर केलं की उणे चिन्ह जातं. उणे २४ कलांच्या अधिक २४ कला होतात आणि चूक ४८ कलांची. चिन्हाचा रकाना आता वेगळा वाचते.

न जुळणारा वेध गाळण्याआधी त्याची मूळ ओळ डोळ्यांनी वाचा. मी ते वेध गाळले असते तर ही चूक कोडमध्ये तशीच राहिली असती.

२० ते २६ जून

इथून उलटं काम: वेध घेऊन कक्षा काढायची. १८०१ मध्ये हरवलेला सेरेस ज्या पद्धतीने पुन्हा सापडला, तीच गाउसची तीन वेधांची पद्धत. मी १४, १५ आणि १६ डिसेंबरचे वेध घेतले. धूमकेतू तेव्हा सर्वांत जवळ, वेध सर्वांत जास्त, म्हणून कक्षा सर्वांत चांगली येईल असा माझा हिशेब होता.

कक्षा आली ती अशी: अर्धा दीर्घ अक्ष (कक्षेची अर्धी लांबी) जवळपास १ एकक, विमध्यता जवळपास शून्य, कल जवळपास शून्य. ही तर पृथ्वीची कक्षा. दोन दिवस मी सदिशांचे गुणाकार हाताने करून तपासले. सगळे बरोबर होते.

दोष पद्धतीच्या मुळाशी आहे. गाउसच्या पद्धतीत आठव्या घाताचं समीकरण सोडवावं लागतं आणि त्याचं एक निरुपयोगी उत्तर निरीक्षकाची स्वतःची जागा हे असतं. दूरच्या धूमकेतूबाबत ते उत्तर खऱ्या उत्तरापासून लांब राहतं. १६ डिसेंबरला ४६पी सूर्यापासून १.०६ एककांवर आणि पृथ्वी ०.९८ वर होती. दोन उत्तरं इतकी जवळ आल्यावर गणित चुकीच्या उत्तराकडे घसरतं. शिवाय दोन दिवसांत कक्षेचा जो तुकडा दिसतो तो फारच छोटा.

मग १, ११ आणि २१ नोव्हेंबरच्या जवळचे वेध घेतले. धूमकेतू तेव्हा लांब आणि अंधूक होता. पहिल्याच फेरीत विमध्यता ०.६४ आणि उपसूर्य अंतर १.०५ आलं. पाच दिवस मी सर्वांत जवळच्या वेधांचा हट्ट धरला होता. सुरुवातीच्या कक्षेसाठी दूरचे, पसरलेले वेध घ्या. जवळचे वेध नंतर, कक्षा सुधारताना घ्या. तिथे त्यांना तोड नाही.

१ जुलै

उरलेला फरक कमीत कमी करणाऱ्या लघुतम वर्ग पद्धतीने साठ वेध एकत्र बसवले. कक्षेचा प्रत्येक आकडा किंचित हलवून स्थान किती बदलतं ते पाहायचं, अशी ही रीत. मी आकडे एकावर बारा शून्यं इतक्याव्या भागाने हलवत होते. तिथे संगणकाची स्वतःची दशांश तोडण्यातली चूक बदलापेक्षा मोठी होते. एकावर सात शून्यं केली आणि तीन फेऱ्यांत विमध्यता ०.६५९ वर स्थिरावली.

उरलेले फरक पाहताना एक सुंदर गोष्ट दिसली. एकाच ठिकाणाहून आलेल्या वेधांत प्रत्येक वेळी पाचेक विकलांचा फरक होता, आणि तो नेमका धूमकेतूच्या चालीच्या दिशेने. स्थान मोजण्यातली चूक अशी एका रेषेत पडत नाही, ती कुठेही पडते. ही वेळेची चूक. ४६पी सेकंदाला ०.१८ विकला सरकत होता, म्हणजे ३० सेकंदांचा घोळ. एका मिनिटाचं छायाचित्र घेऊन मध्याऐवजी सुरुवातीची वेळ नोंदवली तर एवढाच फरक येतो. माझा अंदाज तोच आहे. त्या वेधांना कमी वजन दिलं, पण काढून टाकलं नाही.

कोमाच्या, म्हणजे घन गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या आवरणाच्या, केंद्राचा प्रश्न मात्र पूर्ण सुटत नाही. जवळून जाताना ४६पीचा कोमा आकाशात एका अंशाहून मोठा पसरला होता आणि प्रकाशाचा मध्य म्हणजे गाभा असेलच असं नाही.

६ जुलै

दुसरा धूमकेतू: सी/१९८३ एच१, म्हणजे आयरास-अराकी-अल्कॉक. ११ मे १९८३ रोजी तो ०.०३१२ एककांवरून, ४७ लाख किलोमीटरच्या आतून गेला. जोडनावातलं पहिलं नाव अवरक्त दुर्बीण वाहणाऱ्या उपग्रहाचं, पुढची दोन नावं त्याला स्वतंत्रपणे शोधणाऱ्या दोघा हौशी निरीक्षकांची. इथे भागाकार तेराऐवजी बत्तीस येतो, म्हणून चुकाही तेवढ्याच मोठ्या दिसल्या.

त्या काळातली कक्षा १९५० च्या संपाताला (कोन मोजण्याच्या आरंभबिंदूला) धरून छापलेली असते, आणि मी ती २००० ची समजले. पन्नास वर्षांचं संपातचलन, म्हणजे या बिंदूचं सरकणं, ०.७ अंश. सूर्यापासून एक एककावर ते १८ लाख किलोमीटर होतात आणि धूमकेतू होता ४७ लाखांवर. उत्तर ओळखू येईना.

ते सुधारल्यावर ३० विकला उरल्या. ६९.१८४ हा आकडा मी कोडमध्ये थेट लिहून ठेवला होता. मे १९८३ मध्ये तो फरक ५३.१८४ सेकंद होता. मधले १६ सेकंद लीप सेकंदांचे, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून वाढवलेल्या सेकंदांचे. हा धूमकेतू सेकंदाला जवळपास दोन विकला सरकत होता, तेव्हा हिशेब तंतोतंत जुळला. लीप सेकंदांचा तक्ता जोडला.

१० जुलै

हॅलेची विमध्यता ०.९६७. उपसूर्याजवळ न्यूटनची पद्धत भरकटली. सुरुवात १८० अंशांपासून केली की ती वळणावर येते. पण सी/२०२३ ए३ त्सुचिनशान-ॲटलासची विमध्यता १ हून किंचित जास्त, तिथे लंबवर्तुळाचं समीकरण लागूच पडत नाही. बंद, उघड्या आणि काठावरच्या अशा तिन्ही प्रकारच्या कक्षांना चालणारी सार्वत्रिक चलाची रीत लिहिली आणि जुनं कोड काढून टाकलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

१५ जुलै

दोन कक्षांमधलं कमीत कमी अंतर. १०९पी/स्विफ्ट-टटल घेतला, दर वर्षी ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या ययाती उल्कावर्षावाचा जनक. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ०.०००९ एककांवरून, १ लाख ३० हजार किलोमीटरच्या आसपासून जाते. चंद्र याहून लांब आहे. मी दोन्ही कक्षांवर एकेक अंशाने बिंदू घेतले होते. पृथ्वीच्या कक्षेवर एक अंश म्हणजे २६ लाख किलोमीटर, एवढ्या विरळ जाळ्यात १ लाख ३० हजार सापडणार कसे? जाळ्याने फक्त जागा शोधायची आणि पुढे त्या जागेभोवती बारीक शोध घ्यायचा, असं केल्यावर आकडा आला.

हे अंतर म्हणजे भेट नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यावं. कक्षा जवळ असल्या तरी दोघं एकाच वेळी तिथे पोहोचायला हवेत. १९९२ मध्ये हा धूमकेतू खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मार्सडन यांनी दिलेल्या वेळेपेक्षा १७ दिवस उशिरा उपसूर्याला आला, आणि पुढच्या खेपेला तेवढीच चूक झाली तर काय, या विचाराने ऑगस्ट २१२६ मध्ये टक्कर होईल की काय ही काळजी सुरू झाली. मग इसवी सन १८८ आणि इसवी सनापूर्वी ६९ मधल्या जुन्या नोंदी याच धूमकेतूच्या असल्याचं जुळलं, कक्षा पक्की झाली आणि काळजी संपली. २१२६ मध्ये तो साधारण ०.१५ एककांवरून जाईल.

२२ जुलै

आता सूर्याखेरीज ग्रहांची ओढही धरली. पृथ्वीची ओढ वेगळी काढून पाहिली: १६ डिसेंबरच्या भेटीने ४६पीचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटरने बदलला. एवढासा बदल, पण महिनाभरात त्याचे १८ हजार किलोमीटर होतात. गुरूची गोष्ट वेगळी. मागे चालवत नेलं तर १९८४ आणि १९७२ मधल्या गुरूच्या दोन भेटी लागतात. त्याआधी या धूमकेतूचं उपसूर्य अंतर १.६ एककांच्या आसपास होतं. गुरूनेच त्याला आपल्याजवळ आणून सोडलं.

गणित पुढे चालवायचं, मग तिथूनच मागे आणायचं आणि सुरुवातीला किती फरक पडतो ते पाहायचं, ही चाचणी मी घेतली. काही किलोमीटरांत जुळलं. त्यावर विसंबून २०१३ चे वेध तपासले तर ते जुळेनात. पुढे-मागे करून गणिताच्या छोट्या पावलांची चूक कळते, विसरलेलं बल कळत नाही. सूर्याच्या उष्णतेने गाभ्यातून वायू उडतात आणि धूमकेतूला ढकलतात. एन्केने आपल्या धूमकेतूचा काळ दर फेरीला अडीच तासांनी कमी होताना पाहिला, त्याचं कारण हेच. मार्सडनच्या सूत्रातले ए१ आणि ए२ हे या बलाचे आकडे घातले, आणि धूमकेतू पहिल्याच महिन्यात सूर्यमालेबाहेर गेला. तक्त्यातले आकडे एकावर आठ शून्यं इतक्याव्या भागाचे होते, मी ते पूर्ण समजले. सुधारल्यावर २०१३ आणि २०१८ एका कक्षेत बसले.

२ ऑगस्ट

लेक्सेलचा धूमकेतू, डी/१७७० एल१. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेने तो १४ जून १७७० रोजी शोधला आणि १ जुलैला तो पृथ्वीपासून ०.०१५ एककांवर आला. इथे भागाकार सहासष्टच्या पुढे जातो. डीई४२१ फाइल १९०० च्या मागे जात नाही, म्हणून डीई४४० घेतली. तिची सुरुवात १५५० पासून आहे. जुन्या वेधांची आणखी एक खोच: १९२५ पर्यंत खगोलशास्त्राचा दिवस मध्यान्हीला सुरू व्हायचा. मध्यरात्रीनंतरच्या वेधावर आदल्या दिवसाची तारीख असते. यात माझा एक पूर्ण रविवार गेला.

कक्षेचे आकडे किंचित बदलून २०० प्रती केल्या आणि सगळ्या सोडल्या. मागे १७६७ मध्ये सगळ्या गुरूजवळून येतात. पुढे मार्च १७७६ मध्ये उपसूर्याला पोहोचतात तेव्हा सूर्य बरोबर मध्ये असतो. धूमकेतू परत का दिसला नाही याचं, त्याची कक्षा काढणाऱ्या लेक्सेलने दिलेलं कारण माझ्या पडद्यावर होतं. मी तो आलेख बराच वेळ पाहत राहिले.

मग १७७९. दोनशेच्या दोनशे प्रती पुन्हा गुरूपाशी जातात. तिथवर त्यांचा पुंजका एकत्र असतो. १७८० च्या जानेवारीत त्यांच्यातलं अंतर खगोलीय एककांत मोजावं लागलं. बहुतेक प्रती लांबलचक कक्षांत विखुरल्या, थोड्या सूर्यमालेबाहेर निघाल्या. एकही १७७० च्या कक्षेत उरली नाही.